डब्यातली साखर

पुरुषोत्तमभाऊजींनी चुकीचंच केलं, हे मी आधीच सांगते. इथे अमेरिकेत आमच्या टाउनशिपच्या झोनिंग बोर्डावर, म्हणजे कुठल्या जागेत काय चालेल ते ठरवणाऱ्या समितीवर, नेमलेला पहिला मराठी माणूस म्हणून आम्हीच त्यांना हार घातला होता, आणि त्याच माणसाने आमच्या मराठी मंडळाच्या हॉलच्या विरोधात मत दिलं. पिस्कॅटवेहून आमच्या गावाकडे येताना स्केटिंगचं एक बंद पडलेलं रिंक लागायचं, ते घेऊन तिथे गणपती बसवायचा असा मंडळाचे अध्यक्ष म्हणून आमच्या ह्यांचा, त्र्यंबकरावांचा, बेत होता. एका मताने पडला. भाऊजींचं म्हणणं, तीनशे माणसं आत आणि बाहेर पडायला दार एक; आधी दुसरं दार काढा, मग या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

त्या उन्हाळ्यात नंदा, म्हणजे भाऊजींची बायको, घरी नव्हती. नागपूरला तिची आई आजारी आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. ती माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, त्यामुळे तिच्या घरी डबा मी पोचवायचे. पोळ्या, भाजी, कधी आमटी. रिकामा डबा परत देऊ नये ही आपली रीत. तेरा वर्षांची सुलेखा तो घासूनपुसून, आत चमचाभर साखर घालून मला द्यायची आणि म्हणायची, "थँक यू, पद्मजामावशी." आईने वळण चांगलं लावलं होतं, नाही म्हणत नाही मी.

एके दिवशी डबा ठेवायला आत गेले, तर मिसळणाच्या डब्याशेजारी नंदाचं मंगळसूत्र पडलेलं. मंगळसूत्र काढून ठेवून कुणी नागपूरला जातं का? मी तसं विचारलं, तर भाऊजी खुर्चीवर बसलेच. मला बहिणीसारखी मानायचे, म्हणून बोलले. नंदाने झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. ती मनाच्या आजाराच्या हॉस्पिटलात होती आणि तिथे गळ्यात काही घालू देत नव्हते.

"वहिनी, दिवाळीला ती घरी येईल," ते म्हणाले. "तिची एकच अट आहे, कुणाला कळता कामा नये. कळलं तर ती लोकांसमोर उभी राहू शकणार नाही. एवढं सांभाळा."

मी सांभाळलं. जगाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्यापासून कसली लपवाछपवी?

पुढच्या महिन्यात आमचा अर्ज पुन्हा बोर्डापुढे आला. आम्ही सगळे नटूनथटून गेलो होतो, नागरिकांना बोलायला माइक असतो तिथे. ह्यांनी आधी पार्किंगचं सांगितलं, मग दाराचं. भाऊजी शांतपणे तेच तेच उत्तर देत राहिले. मग हे इंग्रजीत म्हणाले, "या गृहस्थांना आमच्या जिवाची फार काळजी. यांची स्वतःची बायको गोळ्या खाऊन वेड्यांच्या हॉस्पिटलात पडली आहे आणि हे सांगतात ती इंडियात आहे. तिला यांच्या घरातून बाहेर पडायला दार होतं का, ते आधी विचारा."

आमच्यातलं कुणीतरी हसलं. मीही हसले असेन, सगळेच हसत होते. भाऊजींनी समोरचे कागद गोळा केले, चेअरमनना काहीतरी सांगितलं आणि ते उठून गेले. बोर्डाचा राजीनामा दुसऱ्या दिवशी. गावातल्या साप्ताहिकाने ह्यांचं वाक्य जसंच्या तसं छापलं आणि ते साप्ताहिक त्या हॉस्पिटलातही जायचं, हे आम्हाला काय ठाऊक? नंदाने ते स्वतः वाचलं म्हणे. दिवाळीला ती आली नाही. पुन्हा आतल्या, कुलपाच्या वॉर्डात नेली असं ऐकलं.

हॉल मात्र झाला. भाऊजींच्या जागी आलेल्या अमेरिकन माणसानेही दुसरं दार मागितलंच. मंडळाच्या चार पुरुषांनी मिळून भिंत फोडली आणि ते बसवलं. एवढंसं काम होतं.

जानेवारीत नंदा घरी आली. हॉलमध्ये पहिलं हळदीकुंकू होतं, पण तिला बोलवायचं कसं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. शेवटी जुनी मैत्रीण म्हणून मीच तिळाच्या वड्या घेऊन गेले. माणसाने मनात ठेवू नये. त्यांच्या अंगणात बर्फात घर विकायची पाटी रोवलेली होती. दार सुलेखाने उघडलं, डबा घेतला आणि मला बाहेरच उभं केलं. आत जिन्यावर नंदा दिसली मला. गळा तसाच ओका होता. मी हाक मारली तशी ती भिंतीला धरून वर निघून गेली.

सुलेखा डबा घेऊन आली. "हियर यू गो, मिसेस पाटणकर," म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

गाडीत बसून मी डबा उघडला. वड्या काढून घेतलेल्या, डबा लख्ख धुतलेला, कोरडा. आत साखरेचा कण नाही. रिकामा डबा परत देतं का कुणी? आणि तोही संक्रांतीच्या दिवशी! रीत म्हणून काही असते की नाही माणसाला?