बिल्ला नंबर पस्तीस

हंबीरराव सुभेदारांचा हिशेब सरळ होता. महिन्याच्या महिन्याला पगार येतो ती नोकरी, बाकी सगळं नुसतं हातपाय हलवणं. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्यांचा मुलगा साईराज कुंडलच्या फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचा. दहा गावांचा ऊस त्याच्या हातावर भिजायचा. तरीही पोरगा काय करतो, असं कुणी विचारलं की सुभेदार खाली बघून सांगायचे, "सध्या घरीच हाय."

या उत्तरावर तीन स्थळं परत गेली. चौथं कडेगावचं आलं. मुलगी शिवांजली, शिकलेली, बोलायला धीट. तिला मुलगा पसंत पडला, मुलाला ती. पण तिच्या वडिलांचा निरोप आला की नोकरी असेल तरच लग्नाच्या याद्या करू.

सुभेदारांनी मग जुनी ओळख काढली आणि कराडकडच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पोराला चिकटवून टाकलं. काम काय, तर दिवसभर गेटजवळ बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवायचे. शेडच्या कमाईच्या निम्माही पगार नव्हता. पण गळ्यात घालायला फोटोचं कार्ड मिळालं आणि सुभेदारांची छाती दोन इंच फुगली.

साईराजनं एकदाच विचारलं, "आबा, मोटारींचं काय?"

"मोटारी कुठं पळून जात्यात?" सुभेदार म्हणाले.

मोटारी पळाल्या नाहीत, उलट चालून घरी आल्या. शेडला कुलूप दिसल्यावर लोकांनी त्या सुभेदारांच्या अंगणात आणून टाकल्या. तिसऱ्या दिवशी अकरा मोटारी झाल्या आणि कुणाची आधी यावरून दोघांनी एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या. सुभेदार जगात सगळं सोसतील, बेशिस्त सोसणार नाहीत. त्यांनी त्याच दुपारी शेडचं कुलूप काढलं. वार्निशचे रिकामे डबे कापून त्यांचे गोल बिल्ले पाडले आणि चांदसाहेब पेंटरकडून त्यांच्यावर नंबर घालून घेतले. पाठीमागं बारीक अक्षरात 'साईराज मोटार रिवायंडिंग, कुंडल फाटा'. मोटार ठेवायची, बिल्ला घ्यायचा, नंबर येईल तेव्हा यायचं. सरपंचाची मोटारही लाईनीत.

साईराज ड्युटीवरून आला की शेडमध्ये बसायचा, रविवारी दिवसभर. मधल्या वेळात सुभेदार नुसते कशाला बसतील? जळालेल्या तारा उपसून काढायच्या, खाचा साफ करून ठेवायच्या, एवढं ते शिकले. महिन्याभरात त्यांना वासावरून कळायला लागलं, की मोटार विजेच्या कमी दाबानं जळली की पाणी शिरून. सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात बिल्ले खुळखुळवत ते फाट्याकडं निघायचे. पेन्शन बसल्यापासून इतकी भूक त्यांना कधी लागली नव्हती. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "पोरगा कारखान्यात हाय."

याद्यांच्या आदल्या दिवशी एक टोपीवाला माणूस मोटारसायकलीला मोटार बांधून आला. मोटार भरतं कोण, कधी मिळेल, अशी त्यानं चौकशी केली. सुभेदारांनी सांगितलं, गुरुवारी. कारागीर दिवसा नसतो म्हटल्यावर त्या माणसानं तोंड वाकडं केलं आणि मोटार परत उचलायला वाकला.

दोन महिन्यांपूर्वीचे सुभेदार असते तर म्हणाले असते, जा बाबा. पण आता दारातलं गिऱ्हाईक पाठ फिरवतंय हे त्यांना बघवेना. ते उठून जवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गड्या, थोडी कळ काढ. पोरगं ड्युटीला जातंय ते नुसतं लग्नापुरतं. अक्षता पडल्या की कार्ड गेटवर टाकून हितं कायम बसणार. बाप हाय मी त्याचा, सांगतोय नव्हं."

टोपीवाल्यानं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग मोटार खाली ठेवली आणि चौतीस नंबरचा बिल्ला घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कडेगावला बैठक बसली. साईराजच्या गळ्यात कार्ड होतं. ते शर्टाच्या वर दिसेल असं सुभेदारांनी स्वतः नीट केलं होतं. मुलीच्या वडिलांनी शेजारच्या माणसाची ओळख करून दिली, "हे ज्योतिबा, पोरीचे मामा."

तोच टोपीवाला. सुभेदारांच्या हातातला चहा बशीत सांडला. लग्न मोडायला आता त्या माणसानं एक वाक्य बोलायचं बाकी होतं. पण मामा चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता.

मुलीच्या वडिलांनी मात्र नोकरीवर बरंच सांगितलं. त्यांचं स्वतःचं खताचं दुकान होतं, तीस वर्षं. त्यावर बंगला झाला, गाडी झाली, दहा एकर बागायत झाली. तरी धंद्याचं काही खरं नसतं, असं त्यांचं मत होतं. नोकरी मिळाली नाही म्हणून आपण यात पडलो, पोरीच्या नशिबी ते नको. सुभेदारांनी मान हलवली. हेच सगळं ते स्वतः आयुष्यभर बोलत आले होते, पण समोरच्याच्या तोंडून ऐकताना आज त्यांना कुठंतरी टोचत होतं.

कागदाला हळदकुंकू लागलं. वर देवाचं नाव लिहून झालं. तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा फोन वाजला. मळ्यातून गडी बोलत होता. त्यांचा चेहरा उतरला.

"मोटार जळली," ते म्हणाले. "ऊस आधीच सुकलाय. हितला भरणारा आठ दिवस सांगतोय."

आणि सुभेदारांचा हात आपोआप खिशात गेला. शर्ट बदलला होता, पण बिल्ले सवयीनं या खिशातून त्या खिशात आले होते. कागदावर, देवाच्या नावाखाली, पस्तीस नंबर ठेवला गेला. ठेवल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं.

मुलीच्या वडिलांनी बिल्ला उचलला, नंबर बघितला, उलटा केला. पाठीमागचं वाचलं. मग साईराजच्या गळ्यातल्या कार्डाकडं बघितलं. परत बिल्ल्याकडं. माजघरातली बांगड्यांची किणकिणही थांबली.

"दाजी, घ्या तो," मामा शेंगदाणा चावत म्हणाला. "माझ्याकडं चौतीस हाय. उशीर केला तर छत्तीस मिळंल."

मग मुलीच्या वडिलांनी घसा खाकरला. "सुभेदार, माझी उद्याच्या उद्या न्हाई का व्हायची? आता घरचीच माणसं आपण."

साईराज हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुभेदार ताठ बसले.

"लाईन मोडता येत न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले. "शुक्रवारी या."

मुलीच्या वडिलांनी बिल्ला खिशात टाकला, वरून एकदा चाचपून बघितला, आणि याद्या लिहिणाऱ्याला म्हणाले, "हं, लिहा पुढं."