एका गव्हाणीचे दोघे

“मला काय आता गव्हाणीला बांधणार आहेस?” धाकट्याने ताट दोन बोटांनी लांब सारलं. “बैल समजलास काय मला?”

“बैल परवडला. तो निदान तोंड वेंगाडत नाही. खा,” थोरला म्हणाला.

ताटात शिजवलेली कडधान्यं, बारीक चिरलेला पाला आणि भरडलेलं धान्य असं सगळं एकत्र कालवलेलं होतं. दिसायला ते खरोखरच गुरांच्या आंबोणासारखं होतं, हे थोरल्यालाही नाकारता आलं नसतं. पण त्याचा इलाज नव्हता. पहिले काही दिवस त्याने सगळं वेगवेगळं वाढून पाहिलं, तर धाकट्याने चवीचं तेवढं वेचून खाल्लं आणि पाला ताटाच्या कडेला कुंपणासारखा रचून ठेवला. गुरंही हेच करतात. दाणा वेचतात आणि चारा सोडून देतात. म्हणून आंबोण कालवताना पाण्याचा हात मारून सगळं एकजीव करायचं असतं, म्हणजे निवडानिवडीला वावच राहत नाही. थोरल्याची उभी हयात गुरांच्या संशोधन केंद्रात हेच करण्यात गेली होती.

दोघे जुळे भाऊ. थोरला घटकाभर आधी जन्मला आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर हुकूम सोडत आला. लहानपणी ते इतके सारखे दिसत की शाळेत एकाच्या वाटणीचा मार दुसऱ्याने कितीदा खाल्ला याचा हिशेब नव्हता. आपल्याला फसवायला येणाऱ्या या दोन कारट्यांना बरोबर ओळखायची ती एकटी आई. पुढे थोरला चारा कालवायला गेला आणि धाकट्याने वडिलांची बेकरी घेतली. वडिलांच्या बेकरीबरोबर त्यांची साखरही त्याच्याकडे आली. भट्टीतून निघालेला माल स्वतः चाखल्याशिवाय दुकानात जाऊ द्यायचा नाही, असा त्याचा बाणा. पोट सुटलं, दम लागायला लागला, आणि हे दोघे जुळे आहेत असं सांगितलं तर लोक शहानिशा करायला लागले.

मग पायाच्या अंगठ्याला बूट चावला. जखम झाली आणि ती भरेचना. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की साखर ताब्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेलच असं नाही.

वडिलांचं बोटापासूनच सुरू झालं होतं. बोट गेलं, पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा पाय. मग काठी आली आणि शेवटी काठीसुद्धा भिंतीला टेकली. बेकरीवरच्या खोलीत राहणाऱ्या आईला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. डॉक्टरांचं बोलणं कळलं त्या दिवशी तिने ती काठी माळ्यावरून काढायला लावली, चाचपडत चाचपडत फडक्याने पुसली आणि दाराआड उभी केली. धाकट्याने काठी पाहिली आणि हातपाय गाळले.

“बाबांचं रक्त आहे. रक्तापुढे कोणाचं चाललंय?” तो म्हणायचा आणि बशीतलं बिस्कीट उचलायचा.

थोरल्यालाही हे पटत होतं, हीच तर गंमत. तोही गुपचूप स्वतःचा अंगठा रोज तपासायचा. त्याचं मत बदललं ते एका कालवडीने.

केंद्रात दोन जुळ्या कालवडी होत्या, एकाच गर्भाचे दोन भाग होऊन जन्मलेल्या. कपाळावरचे ठिपकेसुद्धा सारखे. केंद्रातल्या डॉक्टरीणबाई आहाराचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करायच्या. त्यांनी एकीला भरपूर चारा आणि बेताचा दाणा लावला, दुसरीला बेताचा चारा आणि भरपूर दाणा. दाणेवालीला सगळे लाडकी म्हणू लागले आणि दुसरी आपोआप साधी झाली. लाडकी चवीने खायची, फुगत गेली, आणि हळूहळू लंगडायला लागली. खुरं दुखत होती. अंगावरची तकाकी गेली. साधी मात्र कुंपणाच्या कडेने उंडारत असायची.

“बाई, दोघींचं रक्त तर एकच,” थोरल्याने विचारलं होतं.

“एकच. पण रक्तात जी जनुकं असतात ना, ती घरातल्या दिव्यांसारखी समजा,” बाई म्हणाल्या. “दोघींच्या घरात दिवे तेच आणि तितकेच. कुठले लागलेत आणि कुठले मालवलेत, ते बरंचसं चाऱ्यावर ठरतं. तपासणीत स्पष्ट दिसतंय. लाडकीचे सूज आणणारे दिवे भकाभक पेटलेत.”

“मग पेटलेले परत मालवता येतात?”

“काही येतात. सगळे येतील असं मी सांगणार नाही. म्हणून तर आता लाडकीचा चारा बदलून बघायचाय. तुम्ही हळूहळू बदला, एकदम नको.”

“आणि माणसांत?”

बाई हसल्या. “माणसांतही तसंच आहे. फक्त माणूस गव्हाणीत टाकलं तेवढंच खात नाही, हीच आमची डोकेदुखी.”

थोरल्याने लाडकीचा दाणा मुठीमुठीने कमी केला आणि चारा वाढवला. पावसाळा सरला. एका सकाळी त्याने फाटक उघडलं तर लाडकी शेपूट उभारून साधीच्या मागे चौखूर उधळली. लंगडणं नाही की धापा नाहीत. थोरला आंबोणाची पाटी हातात घेऊन तिथेच उभा राहिला. त्याला इतका आनंद झाला की त्याने पाटी खाली ठेवली आणि हात धुऊन थेट भावाची बेकरी गाठली.

तेव्हापासून हे ताट, आधी वेगवेगळं वाढलेलं, मग कालवलेलं. डॉक्टरांना विचारून, गोळ्या न चुकवता. बेकरीतला माल चाखायचं काम धाकट्याच्या बायकोकडे गेलं आणि तिने ते आनंदाने घेतलं.

पण जित्याची खोड. आज धाकटा हट्टालाच पेटला होता.

“नाही खात जा. तू काय मला शिकवतोस? तुझ्या गुरांना शिकव. माझ्यात बाबांचं रक्त आहे, मला त्यांच्याच वाटेने जाऊ दे.”

“आणि मी कोण, शेजाऱ्याचा? माझ्यात कुणाचं रक्त आहे रे?” थोरल्याचा आवाज चढला. “तुझा पाय कापायला घेतील तेव्हा मी काय बाहेर बाकावर पेपर वाचत बसू? घाबरलोय मी, गाढवा! तुझ्यासाठी घाबरलोय आणि माझ्यासाठीही.”

धाकट्याने ताटावरून मान वर केली. थोरल्याला घाबरलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

धाकट्याची बायको, घरातली धाकटी, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “भाऊजी, तुम्हीच बसा ना त्यांच्याबरोबर. एकट्याला नाही जात हो घशाखाली.”

थोरल्याने कपाळावर हात मारला. जन्म गोठ्यात गेला आणि हे सुचलं नाही! एकटं बांधलेलं जनावर वैरणीला तोंड लावत नाही. शेजारचं खायला लागलं की तेही मान खाली घालतं. त्याने पाट ओढला, दुसरं ताटसुद्धा मागितलं नाही आणि धाकट्याच्या ताटातच हात घातला.

“मीठ कमी आहे,” पहिला घास गिळून तो म्हणाला.

“मग? मी काय उगाच बोंबलत होतो?” धाकटा म्हणाला आणि त्यानेही घास घेतला.

त्या दिवसापासून थोरला रोज संध्याकाळी काम आटोपून बेकरीवर यायचा आणि दोघे एका ताटात जेवायचे. भांडणं व्हायची. शेवटच्या घासावरूनही व्हायची, आणि तेव्हा धाकटी तोंडाला हात लावून हसायची. जेवण झालं की दोघे गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचे. जखम आधी कोरडी पडली, मग कडेने आत येत भरली. तिथली नवी कातडी लहान मुलाच्या गालासारखी गुलाबी होती. धाकटा येणाऱ्या-जाणाऱ्याला बूट काढून ती दाखवायचा, गिऱ्हाइकांनासुद्धा. पाव घ्यायला आलेल्यांनी तोंडदेखलं कौतुक केलं आणि पाव दुसऱ्या कागदात बांधून मागितला.

आईला मात्र त्याने काही कळू दिलं नाही; जिनाही तो पूर्वीसारखाच मधल्या पायरीवर बसून चढायचा. डॉक्टरांनी पक्कं सांगितल्याशिवाय तिला उगाच आशा लावायची नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. आणि काठी दाराआड तशीच होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, आकडे पाहिले, गोळ्या निम्म्या केल्या आणि म्हणाले, “पायाची काळजी घ्या, पण पायाची भीती गेली.” रस्ताभर धाकट्याने स्वतःला आवरलं. दारात मात्र त्याला राहवलं नाही. ज्या जिन्यावर तो मधल्या पायरीला बसून श्वास घ्यायचा, तो जिना तो एका दमात चढला. लाकडी पायऱ्या खडखडत गेल्या.

“आलास होय रे थोरल्या?” आतून आई म्हणाली. “जरा दमानं चढ की, जिना मोडशील. आणि धाकटा कुठाय? काय म्हणाला त्याचा डॉक्टर?”

धाकटा उंबऱ्यात थबकला.

“आई, मी धाकटा आहे.”

“चल, चावट कुठला! या वयात थट्टा करतोस होय? माझ्या धाकट्याची चाल मला ठाऊक आहे. मधल्या पायरीवर बसतो माझा लेक.”

धाकटा तिच्याजवळ खाली बसला. पायातला बूट काढला आणि तिचा हात धरून अंगठ्यावर ठेवला. आईने जखमेची जागा चाचपली, मग बाकीची बोटं एकेक करून, मग घोटा, मग पोटरी. मग दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यावर नेले आणि कपाळावरच्या जुन्या खोकेचा वण शोधला; लहानपणी झाडावरून पडलेला तो धाकटाच होता.

“फसले की रे मी,” ती म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा फसले!” आणि ती मोठ्याने हसायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसतच होती. “फसवलंत रे, कारट्यांनो, शेवटी फसवलंत!”

खाली थोरला मधल्या पायरीवर मटकन बसला होता. तो रडत होता आणि त्याला लाज वाटत नव्हती. धाकटी हातात पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या शेजारून वर जाता जाता थांबली आणि तांब्या त्यालाच देऊन परत फिरली.

थोड्या वेळाने आईने हाक मारली. “थोरल्या, खऱ्या थोरल्या! वर ये. ती दाराआडची काठी आहे ना, ती घेऊन जा तुझ्या गोठ्यात. इथे नुसती पायात येते.”

दुसऱ्या दिवशी थोरल्याने काठी केंद्रात नेली. कालवडींच्या फाटकाचा अडसर कधीचा मोडला होता आणि दोरीने काम भागवलं जात होतं. तिथे ती बरोबर बसली. वडिलांच्या मुठीने झिजून गुळगुळीत झालेलं टोक आतल्या बाजूला आलं. लाडकीने ते आधी हुंगलं, मग त्यावर मान घासायला लागली. साधीही आली आणि तिला ढकलून जागा मागू लागली. थोरल्याने दोघींच्या मध्ये पाटी ठेवली आणि पाण्याचा हात मारून आंबोण एकजीव केलं.