गाडीचं मुसकं

इस्तारी गुणवंतराव मालगुजारांचा ड्रायव्हर आहे, असं सारा गाव म्हणे. खरं पाहता तो पाणक्याच होता. कोस-दोन कोस झाले की मोटार उकळे, तोंडातून वाफ सोडे, आणि इस्तारी बादली घेऊन जवळचा तलाव गाठी. बाकी लोक अंतर कोसात सांगत, इस्तारी तलावात सांगे. वडसा किती लांब म्हणून कोणी विचारलं की म्हणे, सात तलाव.

गावाचा शेतसारा गोळा करायची मालगुजारी सरकारने नुकतीच संपवली होती, पण गुणवंतरावांचा तोरा संपला नव्हता. नागपूरहून कायमचा विलायतेला निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ही मोटार घेतली. लालभडक, दोन माणसांची, बिनटपाची, शर्यतीत पळवायची. हिच्यात सुपरचार्जर आहे, साहेब म्हणाला; म्हणजे इंजिनात जबरदस्तीने वारा कोंबणारं यंत्र, त्यानं ताकद दुप्पट होते. ताप किती पट होतो हे सांगायचं तो विसरला आणि बोटीत बसला.

आदल्या हिवाळ्यात वडशाच्या नाटकाचा पडदा गुणवंतरावांच्या हस्ते उघडायचा होता. सात तलावांचं पाणी पिऊन मोटार पोचली तेव्हा नाटकातला राजा मरून पडला होता आणि राणी रडत होती. तरी मंडळींनी नाटक थांबवलं, राजाला उठवून बसवलं, मालगुजारांच्या हातून नारळ फोडून घेतला. मग राजा परत मेला. लोक वर्षभर हसले. म्हणून या साली वेळेवर पोचायचं, वाटेत एकदाही न थांबता, असं गुणवंतरावांनी इस्तारीला बजावलं. कसं पोचायचं ते मात्र त्यालाच ठरवायला सांगितलं.

इस्तारीने डोकं लढवलं. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतात, तसं त्याने ओलं पोतं रेडिएटरच्या जाळीवर बांधलं. मोटार अर्ध्या कोसातच उकळली. त्याला काही उमजेना. जिचा जीव जळतो तिलाच गारवा द्यायला गेलो आणि ती जास्तच भडकली, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

मोटार जिथे थांबली तिथल्या तलावाच्या पाटात पोचू ढीवर मासे धरत होता. साठीचा माणूस, बोलणं कमी. इस्तारीच्या बादलीने पाणी डहुळतं, मासा पळतो, म्हणून त्याचा मोटारीवर जुनाच राग. आज तो ओल्या धोतराने थेट सडकेवर आला आणि मोटारीचं तोंड निरखू लागला.

त्या तोंडावर काय नव्हतं. दोन जादा दिवे, पितळी भोंगा, गणपतीची तसबीर, आणि परातीएवढी पितळी पाटी, तिच्यावर मालकांचं नाव. शिवाय आता पोतं. बॉनेटच्या बाजूला साहेबाच्या वेळच्या चिरा होत्या. धूळ जाते म्हणून गुणवंतरावांनी त्यांवर पत्रा ठोकवला होता.

पोचू म्हणाला, "मळणीच्या बैलाले बांधते तसं मुसकं बांधलं हाये तुम्ही हिले. श्वास कुठून घेईन ते?"

वारा तर चारी बाजूंनी येतो, असं इस्तारी म्हणाला. पोचूने त्याचा दंड धरून त्याला पाटाशी नेलं. तिथे बांबूच्या कामट्यांचा त्याचा सापळा पाण्यात आडवा ठेवला होता, तोंडाशी रुंद, मागे निमुळता, आणि दोन्ही बाजूंनी चिखलाने पक्का लिंपलेला. पोचूने पायाने एका बाजूचा चिखल काढला. पाणी लगेच त्या भगदाडातून पळालं. सापळ्याच्या तोंडाशी तरंगणारं पान वळलं आणि तेही बाहेरून निघून गेलं.

"पानी आळशी रायते. बाजूनं वाट भेटली तं कामट्याईतून काऊन जाईन? तुहा वाराबी तसाच. अन् मांगून निघाले जागा नाई, तं तो आत येईन कशाले?"

इस्तारी पाटाच्या काठावर बसूनच राहिला. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढ्या फटी होत्या, त्या त्याने रोज पाहिल्या होत्या. वारा आत जातो म्हणून तो खुशाल होता. जाळीला वळसा घालून जातो, हे ध्यानातच आलं नव्हतं.

दोघांनी मिळून तीन दिवस काम केलं. पत्रा उचकटला, चिरा मोकळ्या केल्या. पोचूने मोटारीच्या तोंडात बसेल असं बांबूचं नरसाळं विणलं. फटी बुजवून, आतून-बाहेरून शेणाने सारवून ते रेडिएटरला घट्ट टेकवलं. दिवे, भोंगा, तसबीर गुणवंतरावांनी काढू दिले. पाटीवर मात्र अडले. पाटी नसली तर गाडी कोणाची हे लोकांना कसं कळणार, असा त्यांचा सवाल होता.

पोचू म्हणाला, "मालक, आतापावतर लोकं वाफ पाहूनच वयखत होते."

इंदुताई, गुणवंतरावांची बायको, दाराआडून इतक्या मोठ्याने हसल्या की पाटी निघाली.

नाटकाच्या दिवशी दुपारी इस्तारी आणि गुणवंतराव निघाले. पहिला तलाव गेला. दुसरा गेला. इस्तारीचा पाय सवयीने ब्रेकवर जाई आणि गुणवंतराव त्याच्या मांडीवर चापट मारत. तापाचा काटा जागचा हलेना. मोटार कधी नव्हे ती गुरगुरू लागली, सागाची झाडं मागे पळू लागली, गुणवंतरावांची पगडी गेली ती गेलीच. थांबायचं नाही म्हणजे नाही.

चौथ्या तलावाजवळच्या गावात एक लाल कोंबडा सडकेवर आडवा आला. इस्तारीने वेग कमी केला, पण कोंबडा घाबरून नेमका नरसाळ्यात शिरला. पोचूने आयुष्यभर सापळेच विणलेले. तोंडाशी त्याने सवयीने आत वळलेल्या कामट्या लावल्या होत्या. त्यातून गेलेलं परत येत नाही. सात तलाव पार करून मोटार वडशात शिरली ती पुढून बांग देतच. कोंबडा सोडवायला इस्तारीला नाटकवाल्यांच्या सुताराची पटाशी मागून आणावी लागली. कोंबडा पिसं झटकून उतरला आणि मांडवाखाली दाणे टिपू लागला.

मात्र मांडव रिकामा होता. नाटकाला अजून चार तास होते.

इतकं लवकर कुठे पोचलं तर काय करतात, हे गुणवंतरावांना ठाऊकच नव्हतं. ते उगाच रंगमंचाभोवती घुटमळले. मंडळीचा व्यवस्थापक बिरजू घाईत होता. पाटी नसलेल्या मोटारीतून आलेल्या, बोडक्या, धुळीने माखलेल्या माणसात त्याला मालगुजार दिसला नाही. त्याने पडद्याचा दोर त्यांच्या हातात दिला आणि ओढून बघ, कुठे अडतो ते सांग म्हणाला. इस्तारी पुढे होऊन सांगणार, तोच गुणवंतरावांनी डोळ्यांनी त्याला गप्प केलं.

पडदा डावीकडे अडत होता. गुणवंतरावांनी कोट काढला, बाही सारली आणि सुताराशी कप्पीवरून कडाक्याचं भांडण केलं. दोन तास त्यांना मान वर करायची फुरसत नव्हती. इतक्या आनंदात आपला मालक इस्तारीने कधी पाहिला नव्हता.

दिवेलागणीला मांडव भरला. बिरजू सारखा सडकेकडे जाई, धूळ दिसते का बघे, परत येई. शेवटी त्याने लोकांची माफी मागितली आणि म्हणाला, प्रमुख पाहुणे वाटेत अडकलेले दिसतात.

पडद्याआडून आवाज आला, "अडकलो नाई, मी इथीच हाओ. ओढू काय?"

आणि उत्तराची वाट न बघता गुणवंतरावांनी दोर ओढला. पडदा सर्रकन वर गेला, कुठेही न अडता. खुर्चीवर बसून मिशी चिकटवत असलेला राजा तसाच लोकांना दिसला.