वेदिकाचा विषय

आशाने जमिनीवर पसरलेल्या नकाशाचं एक टोक गुडघ्याखाली धरलं आणि दुसऱ्या टोकाकडून तो गुंडाळायला घेतला. ज्योत्स्नाबाई पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या. त्सुनामीला महिना होऊन गेला होता; देवळाली कॅम्पातल्या त्या घरात अजून कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

वेदिका त्यांची एकुलती एक. भूशास्त्राच्या पाहणीसाठी अंदमानला गेली आणि किनाऱ्यावरूनच लाटेने नेली. पाहणीतली ती जागा खरं तर आशाची. कळवणहून आलेली आशा वर्गात पहिली होती. पण वेदिकाच्या वडिलांनी कुठेतरी शब्द टाकला आणि ऐनवेळी नाव बदललं. आता कॉलेजातल्या सरांनी तो विषय आशाला दिला होता. नकाशे न्यायला ती आली होती.

पोरगी तिथे एवढं काय शोधत होती, असं ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. आशाने नकाशा पुन्हा उलगडला. समुद्रतळाचा आपल्याकडचा पट्टा त्या बेटांखाली सरकतो, तिने सांगितलं. वरचा गाळ खरवडला जातो, त्याला घड्या पडतात, बेटं वर येतात. मागच्या खोलगट भागात पुन्हा गाळ साचतो. त्याचे थर कुठे तुटले, कसे सरकले, ते वेदिका बघायची. खालचा पट्टा अडकून बसला आणि एकदम सुटला, की भूकंप.

"म्हणजे हे होणार, ते तिला माहीत होतं?"

असं काही होऊ शकतं, एवढंच अभ्यासणाऱ्यांना माहीत होतं. कधी, ते जगात कुणालाच नाही. आशाने रबरबँड बोटांवर ताणलं.

"माहीत होतं, काकू. तिचा विषयच होता तो."

तिला वाटलं, बाई आता रडतील. त्या रडल्या नाहीत.

"म्हणून नको म्हणत होती ती," त्या म्हणाल्या. "निघायच्या दिवशीसुद्धा. बॅग मीच भरली. हाताला धरून रिक्षात मीच बसवलं."

खरं कारण आशाला ठाऊक होतं. कॅन्टीनमध्ये वेदिकाने तिलाच सांगितलं होतं, मला बोट लागते गं, सरांना सांगून तूच जा ना. आशा तेव्हा आपला चहा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली होती.

ज्योत्स्नाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तोफखान्याच्या मैदानावर सराव चालू होता. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

आशाने रबरबँड नकाशावर चढवलं.

"अजून दोन-तीन असतील, काकू. कपाटावर."

ज्योत्स्नाबाई उठल्या. स्टूल ओढून त्यावर चढल्या, गुंडाळ्या खाली काढल्या आणि एकेक पदराने पुसून तिच्या हातात दिली.