दहावी ओळ

आईची आंघोळ अकरा मिनिटांची. त्यातली चार तर छोटी कात्री शोधण्यातच गेली.

तिच्या भरतकामाची रिंग मांडीवर उलटी धरली, खिडकीकडे सरकले आणि चित्रातल्या दोरीचा पहिला टाका कापला. मग दुसरा. तिसऱ्याला कात्रीचं टोक कापडात अडकलं. आत पाणी पडत होतं. ते थांबायच्या आत मला वीस टाके उसवायचे होते, आणि उद्या-परवाच्या आंघोळींत तेच टाके दोन ओळी खाली भरायचे होते. पण उद्या-परवा कुठलं? दादा आजच चारला यायचा होता. नुसती दोरी गायब दिसली तरी चालेल, वाकडी दिसायला नको, एवढाच माझा बेत. बेत कसला, घाबरलेल्या माणसाचा उद्योग.

चित्र साधंच होतं. दोन खांब, त्यांच्यामध्ये दोरी, दोरीवर वाळत घातलेले कपडे. मागे छपरं आणि एक झाड. मॅटीचं कापड, क्रॉस-स्टिचचं काम. डावी बाजू आईने अकरा वर्षांपूर्वी भरली होती. मग बाबा अंथरुणाला खिळले आणि ते कापड पेटीत गेलं. बाबा गेल्यावरही तिने त्याला हात लावला नाही. सहा आठवड्यांपूर्वी कपाट आवरताना ते हाती लागलं, तेव्हा "अय्या, हे इथे होय!" म्हणून ती लहान मुलीसारखी हसली आणि त्याच दुपारी खिडकीशी बसली. तेव्हापासून रोज दोन तास. कधी तीस टाके व्हायचे, कधी बारा. भरून झालेला भाग ती हात लांब करून बघायची, परत जवळ घ्यायची. "एवढं हळू?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मला कुठे गाडी पकडायचीय?"

मळू नये म्हणून जुनी बाजू गुंडाळून तिच्यावर फडकं बांधलेलं असे. काल संध्याकाळी झाडताना ती गुंडाळी माझ्या हातून सुटली, उलगडली, आणि मला दिसलं. डाव्या खांबावरून आलेली दोरी आणि उजव्या खांबावरून निघालेली दोरी यांत दोन ओळींचा फरक होता. उजवी वर, डावी खाली. भेटणारच नव्हत्या.

हे दुसऱ्या कुणाच्या आईचं असतं तर मी हसले असते. पण माझी आई एकतीस वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होती. मायक्रोस्कोपखाली चौकटी आखलेली काच ठेवून पेशी मोजायची. तिच्या आकड्यावर डॉक्टर औषध ठरवायचे. आणि दोन महिन्यांपूर्वी, निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर, एका मंगळवारी ती डबा घेऊन त्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली होती. वॉचमनने तिला खुर्ची दिली आणि दादाला फोन केला.

त्यानंतर डॉक्टरांना दाखवून झालं, आणि मी तात्पुरती आईकडे राहायला आले. डॉक्टरांनी एक फॉर्म दिला होता, रोज सोबत असणाऱ्या नातेवाइकाने भरायचा. तो माझ्या पर्समध्ये होता. सोमवारच्या तपासणीला तो लागणार होता, आणि त्यावरून ठरणार होतं की आई या घरात एकटी राहील, की दादा तिला त्याच्या गावी घेऊन जाईल. "मला इथून हलवू नका गं," एवढंच ती म्हणाली होती. एकदाच. आई कुठलीच गोष्ट दोनदा मागत नसे.

पाणी थांबलं.

कापलेले दोरे मी मुठीत घेतले, रिंग जागेवर ठेवली. आई डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आली.

"काय गं, पंखा चालू आहे आणि तू घामाघूम?"

"चहा टाकते," मी म्हटलं.

"टाक. आज दादाला सगळं उलगडून दाखवणार आहे मी. त्याला वाटतं आई दिवसभर टीव्ही बघते."

ओट्यापासून मला तिची पाठ दिसत होती. ती बसली, चष्मा लावला, सुई घेतली. मग हात थांबला. तिने दोरीवरून बोट फिरवलं. परत एकदा फिरवलं.

"अगं, इथले दोन टाके... मी भरले होते ना काल?"

मी चहाकडे बघत राहिले. भरले होते म्हणावं तर गेले कुठे, हे सांगावं लागणार होतं.

"नसशील भरले," मी म्हणाले.

आईने त्या जागेवरून बोट उचललं. मग म्हणाली, "असेल."

त्या 'असेल'चा आवाज मी आजही विसरलेले नाही. तिचं डोकं तिला दगा देतंय हे मी झाकायला निघाले होते, आणि मीच तिला दगा दिला होता. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती नमुन्याच्या छापील चार्टवर बोट ठेवून पुटपुटत मोजू लागली. चार्टवर दर दहा घरांनंतर जाड रेघ असते. आई वरून खाली मोजत येत होती. "सहा, सात, आठ, नऊ... ही रेघेला टेकली. सोडायची." आणि बोट रेघेपलीकडे गेलं.

कप माझ्या हातात तसाच राहिला. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर प्रयोगशाळेत जायचे. उंच स्टुलावर बसवून तिने मला शिकवलं होतं: वरच्या आणि डाव्या रेघेला टेकलेली पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेला टेकलेली सोडायची. नाहीतर एकच पेशी दोन चौकटींत दोनदा मोजली जाते. म्हणून आता ती प्रत्येक दहावी ओळ सोडत होती. वरून दोरीपर्यंत दोन जाड रेघा, दोन ओळी गेल्या. हात अजून नोकरीवर होता आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

दादा साडेतीनलाच आला. बूट काढता काढता ओरडला, "आई, तुझं ते वर्षानुवर्षांचं प्रकरण कुठवर आलं? माझ्या पेन्शनपर्यंत होईल का?"

"तुझ्या पेन्शनला अजून अवकाश आहे," आई म्हणाली. "तोवर होईल. आधी हात धू."

तो हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात आला आणि नळ सोडून हळूच म्हणाला, "बारके, फॉर्म?"

मी पर्समधून काढून दिला. तो ओल्या हातांनीच वाचू लागला. नाही, नाही, नाही. शेवटचा प्रश्न होता, 'नेहमीच्या कामात किंवा छंदात अलीकडे चुका होतात का?' तिथेही मी 'नाही' लिहिलं होतं.

"सगळीकडे नाही? मग त्या मंगळवारी तिथे डबा घेऊन कोण गेलं होतं, मी?"

"एकदा झालं ते."

"मला काय हौस आहे तिला उचलून न्यायची? फोन मला आला होता, बारके. पाच तासांचा रस्ता आहे. ते पाच तास गाडीत माझं काय झालं, ते तुला नाही कळायचं."

"आणि इथून हलवल्यावर तिचं काय होईल, ते तुला कळतं?"

"हळू बोल."

"तू हळू बोल."

"दोघंही इकडे या," बाहेरून आई म्हणाली.

तिने फडकं सोडलं होतं. सगळं कापड पलंगावर सरळ पसरलेलं होतं आणि ती उभी राहून बघत होती. दादाची नजर सरळ रेघेची, घरं बांधणारा माणूस तो. त्याला एका क्षणात दिसलं.

"अगं," आई मला म्हणाली, "टाका भरला की कापडाची भोकं रुंद होतात. न भरलेली जागा वेगळी दिसते. हे दोन टाके भरलेले होते. कुणीतरी कापलेत." तिचा आवाज शांत होता. "म्हटलं, ही कशाला कापेल? मग सगळं उलगडून पाहिलं."

"आई, मी..."

"मला वेड्यात काढलंस की गं थोडा वेळ."

मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर ते शोभलं नसतं.

"दहावी ओळ सोडत होते मी," ती दादाकडे वळून म्हणाली. "रेघेला टेकलेली. दोनदा सोडली. दोन्ही वेळा पत्ता लागला नाही." मग तिने हात पुढे केला. "तो कागद बघू."

"कुठला कागद?" दादा म्हणाला.

"जो पाठीमागे लपवलायस तो. शाळेतलं प्रगतिपुस्तक पण असंच धरायचास."

तिने फॉर्म टेबलावर ठेवून सावकाश वाचला. शेवटच्या प्रश्नापाशी आली, पेन घेतलं, माझ्या 'नाही'वर एकच आडवी रेघ मारली आणि शेजारी 'होय' लिहिलं. खाली सही, तारीख.

"अगं आई, पूर्ण खोड तरी," मी म्हटलं. "कसं दिसेल ते?"

"रिपोर्टमध्ये गिरवायचं नसतं. आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे." तिने कागद दादाच्या हातात दिला. "हं. घे."

दादाने तो घेतला, पण धरायचा कसा हेच त्याला कळेना. शेवटी तो पलंगाच्या कडेला बसला. आईने कात्री उचलली होती आणि उजव्या बाजूचा टाका न् टाका उसवायला सुरुवात केली होती.

"आई, सहा आठवड्यांची मेहनत आहे ती!"

"मेहनत कसली, मजा होती. ती काय उसवतेय का मी?" ती दोरा ओढत म्हणाली. "आता परत भरायला मिळेल."

सोमवारी डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. दोन महिन्यांनी आई दादाकडे गेली. 'मला हलवू नका' हे तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. कापड मात्र पेटीत ठेवू दिलं नाही. पूर्ण रस्ताभर मांडीवर होतं.

मी रविवारी जायचे. सकाळची पहिली बस धरून. पहिले काही महिने ती एकटी भरायची, मग आकडे निसटू लागले. एका रविवारी तिने चार्ट माझ्याकडे सरकवला. "तू मोज. मी भरते." एवढं सोपं ते. मी 'एक' म्हणायचे आणि थांबायचे. सुई भोक शोधायची, चुकायची, परत यायची, खालून वर निघायची, दोरा शेवटपर्यंत सर्र करत ओढला जायचा, ती अंगठ्याने टाका दाबायची आणि मान हलवायची. मग मी 'दोन' म्हणायचे. आधी त्या थांबण्याने माझा जीव जायचा. बसची वेळ डोळ्यांसमोर नाचायची. पुढे पुढे मीच उशिराची बस घेऊ लागले. तासाला आठ टाके. कधी पाच. वहिनी चहा ठेवून जायची, तो निवायचा. इतकं निवांत मी आईजवळ लहानपणीही बसले नव्हते; तेव्हा तिला कामावर जायचं असायचं.

मार्चमध्ये आई गेली. दोरी अजून मधोमध पोचायची होती.

कापड आता माझ्याकडे आहे. दुपारी खिडकीशी बसते. मोजायचं मीच आणि भरायचंही मीच. माझी सुई सरावलेली आहे, एका दमात ओळ होईल. पण मी मोठ्याने 'सात' म्हणते, आणि सुई तशीच धरून तिला लागायचा तेवढा वेळ जाऊ देते. मग टाका घालते.