तह घराशी व्हता

भगवंताला 'तह' हा शब्द टीव्हीवरच्या मालिकेतनं सापडला, आणि सापडल्यापासनं त्यानं तो तोंडातनं खाली ठेवला नाही. गावात भांडण मिटलं की लोक म्हणतात, मिटलं बाबा एकदाचं. भगवंत म्हणायचा, "तह झाला." जसा काय हा आत्ताच शिवनेरीवरनं उतरलाय आणि मागं घोडदळ उभं आहे. मागं उभे असायचे वरच्या आळीतले चार रिकामटेकडे, तेही चहाच्या आशेनं. साळुबाई त्याची बायको. इतकी वर्षं जवळनं बघितल्यामुळं तिला नवऱ्याचं कौतुक वाटायचं राहूनच गेलं.

गाव अवसरीच्या पुढं, मधनं ओढा. अलीकडं वरची आळी, पलीकडं खालची. साळुबाई खालच्या आळीत जन्मली आणि वरच्या आळीत नांदली. चुलीवर कालवण ठेवून माहेरी जावं आणि ते उकळायच्या आत परत यावं, इतकं अंतर. तिचा थोरला भाऊ गेणभाऊ हा खालच्या आळीचा कर्ता माणूस. त्याची बायको पोर पाळण्यात असतानाच वारली, तेव्हा साळुबाईच्या मांडीवर तिचा पप्पू होता. मग एका मांडीवर पप्पू आणि दुसऱ्या मांडीवर भावाचा आदेश, असे दोघं तिनं वाढवले. पुढं हे सगळे विसरले. ती कशी विसरंल?

बैलगाड्यांवरची बंदी उठली आणि चैत्रातल्या जत्रेला गावच्या घाटात पुन्हा गाडे पळाले. घाट म्हणजे शर्यतीचा चढ. खालनं गाडा सुटतो, वर निशाणापाशी त्याची वेळ मोजतात. त्या वर्षी गेणभाऊच्या हौश्या बैलानं गाडा असा नेला की माईकवरच्या निवेदकाची जीभ अडखळली. वरच्या आळीला हे कसं पचावं? भगवंताचा पुतण्या भरत खालच्या आळीच्या एका पोराच्या कानफटात मारून मोकळा झाला. त्याला उत्तर म्हणून कुणीतरी गाड्याचं दांडकं उचललं आणि भरतचा जबडा मोडला. पहिली चापट कुणाची, हे सगळ्या घाटानं बघितलं होतं. पण जबडा मोडलेला दिसतो, चापट दिसत नाही.

पोलिसातली तक्रार मागं घ्यायची तर अटी मान्य करा, असा भगवंतानं निरोप धाडला. देवळाच्या पारावर बैठक बसली. भगवंत मधोमध, मांडी घालून, हात गुडघ्यावर. सगळी चूक खालच्या आळीची, ही पहिली अट. त्यांचा गाडा घाटात जुपायचा नाही. जत्रेला त्यांनी काठी, लोखंड काही आणायचं नाही. त्यांचा ढोल वाजायचा नाही. आणि दर जत्रेला पहिला गाडा सुटायच्या आधी गेणभाऊनं अनवाणी, हातात नारळ घेऊन घाटात यायचं, वरच्या आळीसमोर नाक घासायचं.

गावची जाणती मंडळी म्हणवणारे तिथंच होते. बसल्या जागी माना हलवत होते. एकाच्याही तोंडातनं, जरा जास्त होतंय भगवंता, एवढं निघालं नाही. शांतता हवी होती ना सगळ्यांना! स्वतःच्या नाकाला माती लागत नाही तोवर शांतता किती गोड वाटते.

त्या दिवशी जेवायला वाढताना साळुबाई म्हणाली, "एकदा घासलं की झालं की वो. दरसाल कशापायी?"

"इसरू नयेत म्हणून."

"ते न्हाई इसरायचे," ती म्हणाली. "तुमीच इसरून जाल."

भगवंताला यातलं काही कळलं नाही. त्यानं आमटी मागितली.

मग दरसाल सुरू झालं. गेणभाऊ यायचा. चप्पल ओढ्यातच काढायचा, धोतर सावरत घाट चढायचा, नारळ ठेवायचा आणि पांढऱ्या केसांचं डोकं मातीला लावायचा. निवेदक माईकवर दोन विनोद करायचा, लोक हसायचे. वर ड्रोन घोंघावत असायचा. आणि साळुबाईचा दिवटा पप्पू मोबाईल धरून मामाच्या नाकापाशी उकिडवा बसायचा, जवळनं नीट यावं म्हणून! दुपारपर्यंत ते त्याच्या स्टेटसला, खाली हिंदी सिनेमातला कसला तरी डायलॉग. आदेश चाकणला कंपनीत होता. त्याच्या मशीनवरची पोरं त्याला ते दाखवायची आणि विचारायची, "हे तुझ्या गावचं ना रे?"

साळुबाईनं एकदा पप्पूच्या पाठीत धपाटा घातला. "ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस, त्याचं नाक दाखवतोस व्हय रे जगाला?"

"आई, व्ह्यूज बघ किती आलेत," पप्पू म्हणाला. असं पोर आपल्याच पोटी आलं याचा तिला राग यायचा, आणि भूक लागली असंल त्याला, म्हणून वाढायचीही.

पलीकडं गोठ्यात हौश्या बांधलेला असायचा. माईकचा आवाज ऐकला की खुंट्याला हिसके द्यायचा. पळवायचा बैल नुसता उभा करून म्हातारा केला त्यांनी. यंदा माघात गेणभाऊ गेला, झोपेतच. साळुबाई भावासाठी पोटभर रडली, आणि रडतानाच तिला हेही वाटलं, सुटला बाबा. नाक घेऊन गेला. संपलं आता.

कसलं संपतंय! जत्रेची वर्गणी सुरू झाली आणि भगवंतानं पारावर जाहीर केलं, "यंदा आदेश येणार."

साळुबाई भाकरी टाकून ओसरीवर आली. "दादा गेला. ज्याच्याशी बोलणं झालं त्योच गेला. आता कशाचं काय?"

"तह माणसाशी नव्हता," भगवंत म्हणाला. "घराशी व्हता."

"अवो, वर्षश्राद्ध व्हायचंय. पोराच्या डोक्यावर अजून केस न्हाई आले धड. दुखवट्याच्या घरातनं माणूस वढून आणणार का जत्रेत?"

"एक साल सोडलं की पुढचं साल सुटतं. तुला यातलं न्हाई कळत. माहेरची बाजू घेऊ नको."

शेजारी भरत बसला होता. जबडा जुळल्यापासनं तो तिरका हसायचा, आणि आता सारखाच हसायचा. साळुबाईनं दोघांकडं बघितलं. ह्यांच्याशी बोलण्यापेक्षा दळण दळलेलं बरं, असं मनात म्हणत ती उठली आणि तडक ओढा ओलांडून गेली.

आदेश गोठ्यात हौश्याला वैरण घालत होता.

"तू येऊ नको," ती म्हणाली. "मी सांगते, आजारी हाय म्हणून."

"येतो की आत्या."

"आरं, पण..."

"भगवंतमामांनी सांगितलंय तसंच येतो. अनवाणी. नारळ घेऊन. काठी न्हाई, लोखंड न्हाई." तो वर बघेना. "तहात हाय तेवढंच करणार. जास्त काय न्हाई."

आवाज चढला असता, शिवी निघाली असती, तर ती समजूत घालून आली असती. पण पोर असं देवळात बोलावं तसं बोलत होतं. तिनं त्याच्या भादरलेल्या डोक्यावरनं हात फिरवला. कशाची तरी धास्ती घेऊनच ती घरी आली, आणि कशाची ते तिला सांगता येईना.

जत्रेच्या सकाळी घाट माणसांनी फुलला. भगवंत फेटा बांधून खुर्चीत. फेटा असा बांधलेला की मान वळवायची पंचाईत. साळुबाई बायकांच्या मांडवात होती. निवेदक ओरडला, "येतायत, येतायत, तहाचे मानकरी येतायत!" लोक हसले.

आदेश ओढ्यातनं वर आला. अनवाणी. आणि त्याच्या मागं सगळी खालची आळी. तरणे, म्हातारे, सगळे अनवाणी, गप. एरवी गेणभाऊ एकटा यायचा.

भगवंताला तर आकाश ठेंगणं झालं. खुर्चीतनं अर्धा उठून तो शेजारच्याला म्हणाला, "बघा! सगळी आळी नाक घासायला आली. याला म्हणत्यात तह."

साळुबाईनं बघितलं. आधी तिला खालच्या आळीची एकही बाई दिसली नाही. जत्रेला बाई नाही, असं कधी होतं का? मग तिला नारळ दिसले. देवाचा नारळ माणूस हातात धरतो, ओंजळीत धरतो, फार तर पिशवीत. ह्यांनी खांद्यावरचे टॉवेल काढून त्यात नारळ टाकले होते आणि वर गाठ मारली होती. टॉवेलाचं टोक प्रत्येकाच्या मुठीला गुंडाळलेलं. काठी नाही, लोखंड नाही.

"अगं बया!" म्हणत ती मांडवातनं धावली. पदर खांद्यावरनं गेला तरी थांबली नाही. "अवो, उठा! त्या गाठी बघा! पोरांना मागं घ्या!"

"बायकांत जाऊन बस," भगवंत दातावर दात ठेवून म्हणाला. "चारचौघांत शोभा करू नको."

"पप्पू! माघारी ये, पप्पू!"

पप्पू कुठं? पप्पू मोबाईल धरून पुढं, आदेशच्या नाकापाशी, उकिडवा. "खाली वाक की जरा," तो म्हणत होता. "लाइव्ह हाय."

आदेश वाकला. खरंच वाकला. पायाखालची माती चिमटीत घेऊन त्यानं कपाळाला लावली, आणि उठताना त्याचा हात गोफणीसारखा फिरला.

आवाज कसा झाला ते साळुबाईनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. भरतचा जिथं मोडला होता तिथंच पप्पूचा जबडा मोडला, आणि डावा डोळा गेला. मग सगळ्या घाटात टॉवेल फिरायला लागले. माना डोलावणारी जाणती मंडळी आधी पळाली, चपला टाकून, हे मात्र सांगायलाच पाहिजे. भगवंताचा फेटा गाड्याच्या चाकाखाली सापडला. पोलीस आले तेव्हा आदेश घाटात मांडी घालून बसला होता, रिकामा टॉवेल मांडीवर. साळुबाई पप्पूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं आदेशला जाताना बघितलं, पण हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार? आणि मारली नाही म्हणून तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी मंचरच्या दवाखान्यात बाकावर भगवंत बसला होता, हात गळ्यात बांधलेला. आत पप्पूच्या दातांना तारा बसवत होते. भरत आणि चारदोन जण भोवती उभे. पोराचा डोळा गेला, आता तरी ह्या माणसाला काही सुचेल, असं साळुबाईला वाटलं होतं. सुचलं तर खरंच.

"मागच्या तहात आपण ढिलं सोडलं," भगवंत म्हणाला. "आता असं बांधतो की सात पिढ्या मान वर न्हाई करायच्या. सगळ्या आळीनं घासायचं. आणि गेणभाऊच्या घरातलं जे कोण उरलं असंल, बाई असो, बाप्या असो, त्यानं आधी. पार ओढ्यापासनं गुडघ्यावर चालत यायचं."

"बराबर हाय," भरत म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

साळुबाईनं पायातल्या चपला काढल्या आणि नवऱ्याच्या बाकाखाली जोडीनं सरकवून ठेवल्या.

"हे काय?" भगवंत म्हणाला. "कुठं निघाली?"

"माहेरी. हौश्याला कालपास्नं वैरण न्हाई."

"पोरगा आत पडलाय आन् तू..."

"पोरगं माझं हाय. त्याचं करायला रोज येईन, अनवाणी येईन." तिनं पदर खोचला. "दादा गेला. आदेशला तुमी आत घातला. त्या घरातलं उरलंय कोण? मीच. जत्रेला येते मी, ओढ्यापासनं गुडघ्यावर. तुमी तेवढं खुर्चीत ताठ बसा."

कुणाची मान हलली नाही. भरतचं तिरकं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, ते त्याला काढता येत नव्हतं. साळुबाई पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. डांबर तापलं होतं, तरी ती सावकाश चालत गेली.