शेवटच्या पाण्याचा गडवा

मी एक जुना पितळी गडवा आहे. जरा दुरूनच बोला, मित्रांनो. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

त्याला कारण आहे. भंडाऱ्याच्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि या घरच्या लक्ष्मणरावांच्या आईच्या लग्नात मी आंदण म्हणून इथे आलो. पाव्हणा आला की आधी मी पुढे व्हायचो. चिंच लावून घासलं की असा चमकायचो, बायका माझ्यात तोंड बघायच्या! मग स्टीलचे गिलास आले, फिल्टर आला, आणि मी फळीवर गेलो. एकदा एका भंगारवाल्याने गोड गोड बोलत मला उचलून टिचकी मारून पाहिली. तेव्हापासून नवा माणूस घरात शिरला की मी आधी त्याचे हात बघतो.

एक काम मात्र माझंच राहिलं. घरातलं माणूस जायला लागलं की तुळशीचं पान घालून त्याच्या तोंडात पाणी माझ्यातूनच ओतायचे. लक्ष्मणरावांच्या वडिलांना मी पाजलं, आईलाही पाजलं. मला त्याचा फार अभिमान होता.

या उन्हाळ्यात लक्ष्मणराव अंथरुणाला खिळले. पोटाचा कॅन्सर, इलाज संपलेले. त्यांना घरीच राहायचं होतं. त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, मला घासूनपुसून पलंगाशी ठेवलं. मग सेवाग्रामच्या दवाखान्यातून रोज स्कूटीवर हर्षा सिस्टर येऊ लागल्या. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी काय केलं? मला उचलून खिडकीत ठेवलं!

"काकू, पानी ओतू नका. त्यायचा घोट आता उतरत नाई," त्या म्हणाल्या.

झालं! मला संशय आलाच. त्यांच्या पिशवीत बारक्या बारक्या बाटल्या होत्या. लेक काजल हिला अंगणात नेऊन त्या हळू आवाजात काहीतरी सांगायच्या आणि काजल डोळे पुसत आत यायची. काय शिजत होतं कोण जाणे! लक्ष्मणरावांना हात लावण्याआधी त्या दर वेळी सांगायच्या, "काका, कूस बदलते हं." पाठीला तेल लावायच्या, ओल्या फडक्याने तोंड पुसायच्या. मी सगळं बघत होतो. पण गोड तर तो भंगारवालाही बोलला होता.

विमलाबाईंनाही राहवेना. "हे सिस्टर यायले पानी काऊन नाई देऊ देत?" त्या काजलला म्हणाल्या. "मानूस तहानेला गेला त मी कोनाले तोंड दाखवू?"

एका दुपारी सिस्टर मोरीत हात धुवायला गेल्या. विमलाबाईंनी मला उचललं आणि लक्ष्मणरावांच्या तोंडाला लावलं. मीही आनंदाने भडभड पाणी ओतलं. ते ठसकले. डोळे पांढरे झाले, श्वास अडकला. सिस्टर धावत आल्या. त्यांनी लक्ष्मणरावांना कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी पुसून काढलं. बऱ्याच वेळाने श्वास पुन्हा नीट चालू झाला.

मला वाटलं, आता या ओरडणार. पण त्यांनी विमलाबाईंचा हात धरला. "काकू, त्यायची तहान आता ओठाले आहे, पोटाले नाई." मग कापसाचा बोळा माझ्यात भिजवला, पिळला आणि विमलाबाईंच्या हातात दिला. "हे तुम्ही करा. तुमचाच हात पाह्यजे त्यायले."

विमलाबाईंनी ओठ ओले केले. लक्ष्मणरावांनी जीभ फिरवली आणि बायकोकडे पाहिलं.

तेव्हा मला लक्ष्मणरावांची आई आठवली. तिच्या घशातही असाच घुरघुर आवाज झाला होता आणि सगळे म्हणाले होते, पोटभर पिऊन गेली. इतकी वर्षं मी ज्याचा तोरा मिरवला, ते काय होतं हे मला त्या दुपारी कळलं. मला फार लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पायथ्याशी बसल्या होत्या. "बोला काकू, त्यायले ऐकू येत असन." विमलाबाईंनी तुळशीच्या पानावरचा एक थेंब ओठांवर ठेवला. "मी आहो न इथंच," त्या म्हणाल्या. लक्ष्मणराव शांतपणे गेले. नंतर सिस्टरनी मला स्वतः विसळून ठेवलं. मी त्यांचे हात नीट पाहिले. पाण्याने सुरकुतलेले, चांगले हात होते.

मित्रांनो, घरात कुणी शेवटच्या आजारात असेल तर आपल्या मनाने काही पाजू नका, सेवा करणाऱ्याला आधी विचारा. आणि संशय घ्यायचाच असेल तर माझ्यावर घ्या. मला ओतायची फार घाई असते.